बोगद्यात आवाज

पहिलं वाक्य खोडायचं, बाई म्हणायच्या,
ते आपण घसा साफ करायला लिहिलेलं असतं.
म्हणून माझं पहिलं वाक्य इथे नाही.
त्यात 'दीपस्तंभ' असा एक शब्द होता.

उर्ध्वरेषे बाई. रामबागेतली शाळा.
दिवसभर भूगोल, आणि साडेचारनंतर आम्ही:
मी पक्षात, पागनीस विपक्षात,
राखीव म्हणून चौरडिया, ज्याच्या तोंडी
देशाचा नेहमी देस व्हायचा.

वादविवादाची रीतच अशी
की एकाच शाळेतले दोघे एकमेकांविरुद्ध बोलणार
आणि ढाल मिळाली तर दोघांची मिळून.
घरी हे सांगितलं तेव्हा बाबा हसले होते,
"म्हणजे लग्नच की."

सराव गच्चीवर. घड्याळ होतं,
पण बाई स्टीलच्या पेल्यावर चमचा मारायच्या.
एक टण: सावध, मिनिट उरलं.
दोन टण: बस खाली, विचार कितीही थोर असो.
पेल्यातला चहा निवून जायचा.
रिकामा झाला की पेल्याचा आवाज बदलतो,
म्हणून बाई तो संपवतच नसत.

स्पर्धेच्या आदल्या रात्री बाजू बदलायच्या.
"आता पागनीसचं भाषण तू कर. त्याच्याहून बरं कर.
ते जमत नाही तोवर
त्याला खोडायचा तुला हक्क नाही."
मला रडू यायचं.
बाई जिलबी मागवायच्या,
वाक्य मागे घ्यायच्या नाहीत.

खंडव्याला निघालो ती छोटी गाडी.
पाताळपाणी सुटलं की बोगदे.
नेमकं तिथेच मला डब्याच्या मधोमध उभं केलं,
शेंगांची पोती, कोंबड्यांची टोपली, दोन शिपाई.
"बोल."
उजेड गेला. मी थांबले.
अंधारात बाईंचा आवाज, अगदी कानाशी:
"दिवा गेलाय. मुद्दा नाही गेला."

शेवटच्या बोगद्यात मी थांबले नाही.
कालाकुंडला पानावरचा कलाकंद घेतला,
त्यातला मोठा तुकडा बाईंनी
त्या शिपायांपैकी एकाला दिला, जो म्हणाला होता,
लडकी की बात सही है,
पर दूसरे की भी तो सुनो.

खंडव्यात आम्ही हरलो. दीड गुणाने.
परतताना बाई एवढंच म्हणाल्या,
"आता परीक्षकांची बाजू मांड."
मी मांडली. महू येईपर्यंत मांडत होते.

नंतर पुष्कळ वर्षं.
एकदा नवऱ्याशी भांडता भांडता
मी त्याचीच बाजू इतकी नीट मांडली
की तो घाबरला.
चौरडिया सराफ्यातल्या दुकानात
गिऱ्हाइकाच्या मनातली तक्रार आधी स्वतःच बोलून टाकतो.
"'श' अजून येत नाही," म्हणतो, "पण माल खपतो."
पागनीस आणि मी
अकरा वर्षं बोललो नव्हतो.
त्याचं कारण मला दोन्ही बाजूंनी मांडता येतं,
तरी नव्हतो बोललो.

काल शोकसभा झाली.
फोटोला निशिगंधाचा हार, बाईंना न आवडणारा.
प्रत्येकी तीन मिनिटं.
मी उभी राहिले आणि वीज गेली.
माईक मेला. पंखे हळूहळू थांबत गेले.
कुणी म्हणालं, ताई, जरा थांबा, जनरेटर लावतोय.

मी थांबले नाही.

काय बोलले, आठवत नाही. नकाशाबद्दल काहीतरी,
आणि निवलेल्या चहाबद्दल.
मग मागच्या रांगेतून,
ग्लासवर कुणी किल्ली मारली असावी,
टण.

मिनिट उरलं होतं.
ते न वापरताच मी खाली बसले.
बाई रागावल्या असत्या.

त्याच अंधारात एक खुर्ची मागे सरकली,
आणि घसा न खाकरता कुणीतरी म्हणालं,
"अध्यक्ष महाशय,
मी विपक्षात बोलायला उभा आहे."

पागनीस.

विषय कोणता, ते कुणी विचारलं नाही.